पाच हजारात व्हेपचा सेटअप अपग्रेड करायचाय, दिसायला भारी पायजे, काय घेऊ? (सोलापूर)

टॉवेलवाला_एमआयडीसी

नमस्कार मंडळी. वय २९, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या युनिटला सुपरवायझर आहे. कॉलेजपासून सिगरेट होती, मधी पुण्याच्या एका मित्रानं छोटा पॉड, म्हणजे खिशात मावणारी ई-सिगरेट, दिला तेव्हापासून सिगरेट जवळजवळ बंद, पॉडवरच चाललंय. आता तो पॉड लई लीक व्हायलाय. आपल्या इथलं ऊन तुम्हाला माहितीये, खिशात ठेवला की पँटीला चिकट डाग आणि ओढताना जिभेवर कडू थेंब येतो. आणि दिसायला तर काहीच नाही, काळं प्लॅस्टिक नुसतं.

मला नीट काहीतरी घ्यायचंय. व्हिडिओ बघून बघून एवढं कळलंय की बॉक्स मॉड (व्हेपचा बॅटरीवाला चौकोनी डबा) घ्यावा, दोन सेलचा, गनमेटल कलर किंवा बाजूला लाकडी पॅनलवाला, वर लिक्विड भरायचा काचेचा टँक, हातात घेतल्यावर वजन जाणवलं पायजे, बटण दाबलं की कट्ट आवाज आला पायजे. मला मशीनकाम केलेल्या वस्तूंचा नाद पहिल्यापासूनच आहे, घड्याळ पण मागून काच असलेलं घेतलंय. बजेट पाच हजार, लई ताणलं तर साडेपाच.

दोन रस्ते आहेत. मावसभाऊ दुबईला असतो, जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला यायचाय, मुंबईला उतरून सिद्धेश्वर एक्सप्रेसनं येईल, त्याला सांगितलं की आणेल. नाहीतर इथलाच एक जण इंस्टावर तीन हजारात देतो म्हणतोय, पण डबा नाही, बिल नाही. कुठलं बरं पडेल, आणि सेल वेगळे घ्यावे लागतात म्हणे, ते नव्या पेठेत मिळतील का?

उपदेश नको प्लीज, घरी भरपूर होतो. सेटअप सांगा.

कोर्टाजवळचा

भाऊ उपदेश नाही करत, पण तुझ्या मावसभावाचा विचार कर आधी, कारण तू ऑर्डर देणार आणि अडकणार तो.

भारतात १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश आला आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगरेट बनवणं, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठा, जाहिरात सगळं बंद. लोकांना वाटतं की दुकानदारालाच लागू आहे, स्वतःपुरता एक पीस आणला तर काय होतंय. तसं नाहीये. कायद्यात 'पूर्ण वस्तू किंवा तिचा कुठलाही भाग' असं आहे, म्हणजे मॉड एका बॅगेत, टँक दुसऱ्या बॅगेत, कॉइल (लिक्विड तापवणारी तार) आईच्या पर्समध्ये हे जे जुगाड लोक सांगतात त्यानं काही फरक पडत नाही. आणि 'निकोटिन नसलेला आहे' हे पण चालत नाही, व्याख्येतच निकोटिन असो वा नसो असं म्हटलंय.

पहिल्या वेळेला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. परत सापडला तर तीन वर्षांपर्यंत आणि पाच लाखांपर्यंत. नुसत्या साठ्याला सहा महिने किंवा पन्नास हजार किंवा दोन्ही. दुबईत २०१९ पासून दुकानात उघड मिळतं म्हणून तिथून येणाऱ्यांना हे लक्षातच येत नाही, ड्यूटी भरू आणि सुटू असं वाटतं. ड्यूटीचा विषयच नाही इथं, वस्तूच बंदीतली आहे. वर्षातून एकदा घरी येणारा माणूस, त्याची सुट्टी एअरपोर्टवरच जायची.

इंस्टावाल्याचं तर बोलायलाच नको. बिल नाही म्हणजे खराब निघालं तर कुठल्या तोंडानं भांडणार त्याच्याशी?

गप्प_बसवत_नाही

हे मला कधीच पटलं नाही राव. कोपऱ्याकोपऱ्यावर टपरी आहे, सिगरेट मिळते, मावा मिळतो, विडी मिळते, आणि जे पोरगं सिगरेट सोडून व्हेपवर आलं त्यालाच गुन्हेगार करायचं? बंदी घालायची तर सगळ्यावर घाला. बाकी देशात नियम करून विकतातच ना.

कोर्टाजवळचा

तुझा मुद्दा रास्त आहे, यावर कोर्टात पण भांडून झालंय. पण तो बदल दिल्लीत व्हायचा तेव्हा होईल, याच्या भावाची बॅग जानेवारीतच उघडणार आहे.

लेस्टरचा_सोलापूरकर

मी मूळचा सात रस्त्याचा, सध्या इंग्लंडात. इथं हे कायदेशीर आहे आणि मी स्वतः वापरतो म्हणून जरा खोलात लिहितो, कारण वर सगळं कायद्याचं झालं पण तुझ्या सेटअपबद्दल कुणी बोललंच नाही, आणि तू जे निवडलंयस त्यात लुक सोडून बाकी सगळं तुझ्या गरजेच्या उलट आहे.

तू सिगरेटवरून आलास. सिगरेट ओढणारा माणूस आधी धूर तोंडात घेतो, मग छातीत. त्याला जास्त रेझिस्टन्सची कॉइल लागते, १ ओहमच्या आसपास, कमी वॉट, घट्ट ओढ. दोन सेलचा बॉक्स मॉड आणि काचेचा मोठा टँक हा प्रकार थेट छातीत ओढून ढग काढणाऱ्यांसाठी असतो. त्याची कॉइल ०.२ ओहमची वगैरे असते. तू जर तुझ्या आत्ताच्या पॉडचं लिक्विड त्यात टाकलंस तर चक्कर येऊन खाली बसशील, खरंच सांगतोय. तुझ्या पॉडवर ५ टक्के लिहिलंय का बघ. म्हणजे एका मिलीला ५० मिलिग्रॅम निकोटिन. इकडे कायद्यानं २० च्या वर विकताच येत नाही, टँक २ मिलीच्या वर नाही, रिफिलची बाटली १० मिलीच्या वर नाही, आणि प्रत्येक प्रॉडक्ट सरकारी यंत्रणेकडे नोंदवल्याशिवाय बाजारात येत नाही. एकदा वापरून फेकायचे तर १ जून २०२५ पासून विकायलाच बंदी आहे इथं. हे सांगायचं कारण म्हणजे कायदेशीर असणाऱ्या देशात पण एवढ्या गाळण्या लावल्यात. तुझ्या इंस्टावाल्याच्या मालावर यातली एकही नाही. बाटलीवर आंबा लिहिलंय म्हणून आत काय आहे ते कुणी बघितलंय? २०१९-२० ला अमेरिकेत फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ लोक फुफ्फुसाच्या त्रासानं हॉस्पिटलात गेले, ६८ मेले. त्यातले बहुतेक गांजाच्या अर्काचा माल ओढणारे होते, तोही मित्राकडून किंवा ओळखीच्या विक्रेत्याकडून घेतलेला, आणि त्यात घट्टपणासाठी व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेलं सापडलं. निकोटिनच्या लिक्विडची ती गोष्ट नव्हती हे मान्य, पण रस्ता तोच, बिल नसलेला.

आता सेल. ही गोष्ट व्हिडिओवाले सांगतच नाहीत. असल्या मॉडमध्ये १८६५० साइजचा सेल असतो, म्हणजे १८ मिलीमीटर जाड, ६५ मिलीमीटर लांब. पूर्ण चार्ज झाला की ४.२ व्होल्ट. गणित करून बघ, ज्या मॉडमध्ये सर्किटच नाही, नुसतं पितळेचं नळकांडं आणि बटण, त्यात ०.२ ओहमची कॉइल लावली तर ४.२ भागिले ०.२ म्हणजे २१ अँपिअर एका सेलमधून. चांगल्या कंपनीचा सेल पण १५, २०, २५ अँपिअरचा असतो, आणि कपॅसिटी जास्त तेवढे अँपिअर साधारण कमी. स्वस्तातल्या सेलवर ९९०० एमएएच छापलेलं असतं, ते सरळ खोटं. या साइजमध्ये नावाजलेल्या कंपन्यांचे चांगले सेल ३५००-३६०० पर्यंतच जातात. असला खोटा सेल २१ अँपिअर द्यायला लागला की तापतो, वाफ सोडतो, आणि नळकांड्यात वाफेला जायला जागा नसेल तर फुटतो. चेहऱ्यासमोर धरलेली वस्तू आहे ती.

सर्किटवाल्या मॉडमध्ये शॉर्ट झालं तर कट होतं, सेल उतरला तर बंद होतं, ते बरंच सुरक्षित. पण हुबेहूब नक्कल केलेल्या मॉडमध्ये लाकडी पॅनल असतं आणि आतलं बोर्ड भलतंच असतं, बाहेरून काहीही कळत नाही.

इकडची सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, सिगरेट सोडायला मदत म्हणून व्हेप सुचवते, आणि त्याच तोंडानं सांगते की जो ओढत नाही त्यानं आणि मुलांनी हात लावू नये. मी इथं आहे म्हणून वापरतो. सोलापूरला सुट्टीवर येताना इथंच ठेवून येतो, बॅगेत कॉइलसुद्धा आणत नाही.

टॉवेलवाला_एमआयडीसी

बघितलं. ५ टक्केच लिहिलंय. आणि खरं सांगायचं तर सिगरेट होती तेव्हा दुपारच्या जेवणानंतर, चहाला, सुट्टी झाल्यावर अशी होती. आता खिशातच असतो त्यामुळं सारखं चालूच. लूमखात्यातून बाहेर आलो की हात आपोआप खिशात. भावाला नको म्हणून सांगितलं आताच, त्याला कायदा माहितीच नव्हता.

पण मग करायचं काय. परत सिगरेटवर जायचं नाही मला.

पूर्वभाग_ताई

दादा, मी मेडिकलमध्ये काउंटरला असते म्हणून सांगते, आणि घरचं पण सांगते.

माझी आई विड्या वळायची. आमच्याकडं घराघरात तेच होतं. पानं भिजवून ठेवायची, पत्र्याच्या मापावर कात्रीनं कापायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, चिमूटभर घ्यायची, गुंडाळायची, दोरा मारायचा, पंचवीसचं बंडल करायचं. मजुरी हजारावर. तिनं जन्मात कधी विडी ओढली नाही, पण सुट्टीच्या दिवशी सूप समोर नसलं की डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची. बोटातनं आणि धुळीतनं तंबाखू अंगात जायची, हे आम्हाला फार उशिरा कळलं. २००६ ला कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार विडी कामगार बायकांना घरं मिळाली, त्यातलं एक आमचं. घर तंबाखूवर झालंय, त्यामुळं तंबाखूला नुसतं वाईट म्हणून मी मोकळी होत नाही. पण निकोटिन कुठल्या वाटेनं येतं त्याला शरीराच्या लेखी फार किंमत नाही, येतं तेवढं मागत राहतं. तुमचा तो ५ टक्केवाला पॉड दिवसभर खिशात म्हणजे तुम्ही सिगरेटपेक्षा जास्तच घेत असाल, म्हणून तो सोडायचा तर एकदम बंद करून त्रास करून घेऊ नका.

२ मिलिग्रॅमचं निकोटिन गम चिठ्ठीशिवाय मिळतं. ४ चं हवं असेल तर डॉक्टरची चिठ्ठी. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर २ नं भागत नाही शक्यतो, तेव्हा डॉक्टरकडं जाऊन या, सिव्हिलला छातीच्या ओपीडीला दाखवलं तरी चालेल. बीपी किंवा हृदयाचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टर, मग गम.

आता गम कसं खायचं ते ऐका, कारण दहातले आठ जण चुकीचं खातात आणि मग येऊन म्हणतात ताई याचा उपयोग नाही, उचकी लागते, घसा जळतो. च्युइंगमसारखं सारखं चघळायचं नाही. हळू चावायचं, जिभेला मिरीसारखा झणका लागला की थांबायचं आणि गालाच्या आत हिरडीशी दाबून ठेवायचं. झणका गेला की परत दोनचार वेळा चावायचं, दुसऱ्या बाजूला ठेवायचं. असं अर्धा तास. लाळ गिळत राहिलात तर निकोटिन पोटात जातं, तिथं काही कामाचं नाही, उचकी तेवढी लागते. आणि आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी, कोल्ड्रिंक काही नको, त्यानं गालातून शोषलं जात नाही. आपल्याकडं चहावरच सगळं चालतं त्यामुळं ही गोष्ट सगळ्यात जड जाते. साधारण दोन-तीन महिने, हळूहळू कमी करत.

फोनवर बोलायचं असेल तर सरकारी टोल-फ्री आहे १८००-११-२३५६, तंबाखू सोडण्यासाठीचा. मी गिऱ्हाइकांना देते तो नंबर.

रात्रपाळी_टॉर्चवाला

ताईंनी तलफेचं सांगितलं, मी नादाचं सांगतो, कारण भावाच्या पहिल्या पोस्टमध्ये मला निकोटिनपेक्षा नादच जास्त दिसला. वजन पायजे, गनमेटल पायजे, कट्ट आवाज पायजे. नाद घालवू नको भावा, फक्त तो वेगळ्या वस्तूवर लाव. तुझे पाच हजार त्याच्यासाठी भरपूर आहेत.

टॉर्च. हसू नका कुणी, पूर्ण वाचा. चांगल्या टॉर्चमध्ये तोच १८६५० सेल असतो, तीच ॲल्युमिनियमची लेथवर काढलेली बॉडी, हाताला लागणारी बारीक खाचांची नक्षी, मागं क्लिकचं बटण, पितळेची आणि तांब्याची बॉडी असलेल्या पण येतात ज्या हातात राहून राहून रंग बदलतात. डोकं, नळी, शेपूट सगळं आट्यांवर फिरतं, खोलायचं, आट्या पुसायच्या, सिलिकॉन ग्रीस लावायचं, आतली एलईडी आणि ड्रायव्हर (तिला करंट देणारं सर्किट) पण बदलता येतो सोल्डरिंग जमत असेल तर. मॉडवाल्यांना जे सुख मिळतं त्यातलं ओढणं सोडून सगळं आहे यात.

तुझ्यासाठी मी कॉन्व्हॉय कंपनीची एस२ प्लस टॉर्च म्हणेन. ग्रे रंगात येते, साधी, दणकट, तुझ्या बजेटच्या पुष्कळ खाली बसते, उरलेल्यात चांगला सेल आणि चार्जर होतो. त्यात निचिया ५१९ए एलईडीवाली बघ. याचं खास कारण आहे आणि ते तुझ्या धंद्याशी आहे. त्या एलईडीचा सीआरआय ९० च्या वर आहे, म्हणजे तिच्या उजेडात रंग बरेचसे खरे दिसतात. स्वस्त पांढऱ्या टॉर्चमध्ये लाल आणि मरून मेलेले दिसतात. तू टॉवेलात आहेस, शेड मॅचिंगची कटकट तुला माहितीच असणार, रात्रपाळीला दोन लॉट शेजारी ठेवले की ट्यूबलाइटखाली एकच वाटतात आणि सकाळी उन्हात नेले की फरक दिसतो. ५७०० केल्विनची (हा उजेडाच्या छटेचा आकडा) घेतलीस तर दिवसाच्या उजेडाच्या बरीच जवळ जाते. शेड तपासायच्या लाइट बॉक्सचं काम ती करणार नाही, पार्टीला ॲप्रूव्हल बॉक्सखालीच द्यायचं, पण गठ्ठ्याच्या मधला एखादा पीस ओढून तिथल्या तिथं शंका घ्यायला लई कामाची. मी रंगखात्यात असताना माझ्याकडून मास्तर मागून न्यायचे.

सेल नव्या पेठेत रस्त्यावर घेऊ नकोस. तिथं ९९०० वालेच जास्त. सॅमसंग किंवा मॉलिसेलचा, बिलासकट, ओळखीच्या दुकानातून. एस२ प्लसला साधारण तीन अँपिअरच लागतात त्यामुळं २१-२५ अँपिअरचं वरचं टेन्शन इथं नाही. पण लिथियम सेल तो सेलच. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही, वरचं प्लॅस्टिक फाटलं तर वापरायचा नाही, किल्ल्यांबरोबर सुटा खिशात तर अजिबात नाही. आणि नान्नजच्या माळावर पक्ष्यांना टॉर्च मारायला जाऊ नका कुणी, तसले व्हिडिओ बघून डोकं फिरतं माझं.

गप्प_बसवत_नाही

बंदीबद्दल माझं मत तेच आहे. पण शेड मॅचिंगचं हे मला माहिती नव्हतं, साडीच्या दुकानात पण उपयोगाचं आहे हे.

टॉवेलवाला_एमआयडीसी

टॉर्चवाले दादा, तुम्ही शेडचं लिहिलंय ते वाचून पाच मिनिटं तसाच बसलो. मागच्याच आठवड्यात मरूनचा अख्खा लॉट याच्यावरून परत आलाय. एस२ प्लस बघलालो, ग्रेच घेणार.

ताई, सकाळी अर्ध्या तासाच्या आतच लागतं मला, म्हणून सोमवारी डॉक्टरला दाखवून मग गम. चहाचं जड जाणार हे आत्ताच दिसतंय, जेवणानंतरचा चहा आधी आणि गम नंतर असं केलं तर चालतं का, मधी पंधरा मिनिटं सोडून?

आणि दादा, सेल फ्लॅट टॉप का बटण टॉप, म्हणजे वरचं टोक सपाट का उंचवट्याचं? भाऊ दुबईहून सेल आणि टॉर्च आणू शकतो ना, त्याला तर अडचण नाही ना?

पूर्वभाग_ताई

चालतं. चहा, चूळ भरायची, पंधरा मिनिटं, मग गम. फक्त गम तोंडात असताना वरून चहा प्यायचा नाही. पहिले काही दिवस चहा झाल्या झाल्या हात खिशात जाईल, तेव्हा उठून लूमखात्यात एक फेरी मारा, तलफ थोड्या वेळात ओसरते.

रात्रपाळी_टॉर्चवाला

एस२ प्लसला दोन्ही बाजूला स्प्रिंग आहे त्यामुळं फ्लॅट टॉप बिनधास्त बसतो. टॉर्च आणायला काही अडचण नाही. सुटे सेल मात्र चेक-इन बॅगेत टाकायचे नाहीत, हँडबॅगेतच, आणि प्रत्येक सेल प्लॅस्टिकच्या डबीत, टोकं उघडी नकोत. ३००० एमएएचचा एक सेल म्हणजे ११ वॉट-अवरच्या आत, विमानाची मर्यादा १०० ची आहे, कुणी विचारलं तर हे सांगायला सांग त्याला. बिल फोनमध्ये ठेवू दे.

हातात आला की पहिलं काम, टॉर्च लावून सेल उतरेपर्यंत वापर आणि मग चार्जरला १ अँपिअरवर लाव. ३००० चा खरा सेल भरायला तीन-साडेतीन तास घेतो. तासाभरात हिरवा दिवा आला तर समज माल खोटा आहे, आणि भाऊ परत जाईल तेव्हा बिलासकट त्याच्याकडं दे, दुकानात बदलून आणेल.